मुक्कामी गाडीचं जेवण

१४ नोव्हेंबर १९९८

आरमोरीचे डॉक्टर म्हणाले, केवळराम, तुमचं ब्लडप्रेशर वाढलंय, राग गिळू नका आणि लोकांवर काढूही नका. मग काय करू, विचारलं. म्हणाले, वहीत लिहा. एसटीचा कंडक्टर आणि वहीत राग लिहिणार! पण औषधाच्या गोळ्या गिळण्यापेक्षा हे बरं, म्हणून बसलोय.

वर्ष होत आलं भद्रावतीहून इकडे बदली होऊन. ड्यूटी एकच, आरमोरी ते कोसमटोला, मुक्कामी. संध्याकाळी जायचं, गाडी ग्रामपंचायतीसमोर लावायची, तिथल्याच खोलीत मी आणि ड्रायव्हर मंगरू झोपणार, सकाळी तीच गाडी घेऊन परत. कोसमटोल्याच्या पुढे रस्ता नाही. तलाव आहे आणि मग जंगल.

जेवण गावाचं. रोज एका घराची बारी असते, कोतवाल सकाळीच सांगून ठेवतो. पहिल्या दिवशी मला वाटलं, फुकट बसायला मिळावं म्हणून चाललंय हे. मी गावच्या पाटलाला, दसरूला, तिथेच सांगून टाकलं, जेवू घाला नाहीतर घालू नका, तिकिटाशिवाय कोणी बसणार नाही. तो हसला. "जेवा जी," एवढंच म्हणाला. आमच्या भद्रावतीकडे कारखान्याची कॉलनी, गाडीत पाय ठेवायला जागा नसते आणि कंडक्टरला कोणी पाणी विचारत नाही. ते मला समजतं. हे समजत नाही.

आज राग कशाचा, ते लिहायचंच राहिलं. याच गावच्या भूपेशने कुठून तरी जुनी जीप आणलीय. काळा-पिवळा रंग मारलाय आणि ती माझ्या गाडीच्या तोंडासमोर उभी करतो. "आरमोरी, आरमोरी" म्हणून गळा काढतो. माझ्या समोर.

आज लाखोरीची डाळ होती. पातळ.

१९ नोव्हेंबर

भागीरथाबाई टोपली घेऊन आली. टोपलीत तलावाची मासोळी, खाली पाणी ठिबकतंय. मी म्हटलं, टपावर टाका.

"टपावर ऊन लागते जी. आरमोरीले जातवरी वास मारते, मंग कोनी घेत नाई."

"आत लोकांच्या पायात वास मारला तर चालतो?"

"लोक तं माह्याच गावचे हायेत. त्यायले चालते."

त्यांना चालतं, नियमाला चालत नाही. मी दारातून हललो नाही. ती थोडी थांबली, मग टोपली उचलून सरळ भूपेशच्या जीपमध्ये जाऊन बसली. तो हरामखोर उतरून तिची टोपली धरायला पुढे. आणि तिची पोरगी पायल, दहावीतली, माझ्या गाडीत खिडकीशी बसलेली. पोरींना सरकारने शाळेसाठी एसटीचा पास फुकट दिलाय ना. आई जीपमध्ये, पोरगी एसटीत. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, वा, पैसे जीपला आणि फुकटचं आम्हाला. पोरगी बाहेर बघत राहिली. तिला आईसारखंच तोंड मिटून घ्यायची सवय आहे.

२६ नोव्हेंबर

वाटेत एकाने हात केला. म्हाताऱ्या बापाला पाठीवर घेऊन बांधावर उभा होता. मी मंगरूला डबल बेल दिली. मंगरूने गाडी हळू केली तर मी आणखी जोरात दिली. तिथे थांबा नाही. विनंती थांबासुद्धा नाही. एकाला थांबवलं की उद्या प्रत्येक बांधावर एक हात वर असतो, हे मला नोकरीने शिकवलंय.

मागून जीप आली आणि थांबली. अर्थातच थांबली. त्याला कुठे वेळेवर पोचायचंय? सीट भरेपर्यंत तास तास उभा राहतो, भरली नाही तर जातच नाही. माझी गाडी रिकामी असो, भरलेली असो, सकाळी वेळेवर निघते म्हणजे निघते. याची किंमत कोणाला नाही. लोकांना अंगणातून उचललेलं हवं. उद्या चुलीपाशी जीप आणून उभी करतील.

मंगरू म्हणतो, "साहेब, थांबवली असती तं काय झालं असतं?" मंगरू चांगला माणूस आहे, पण त्याला नोकरीत पुढे जायचं नाही.

४ डिसेंबर

आज डेपोत बोलावणं. साहेबांनी कागद पुढे सरकवला. कोसमटोला मुक्कामीचं भारमान पार खाली गेलंय, निम्म्याहून जास्त सीट रिकाम्या. गाडी महिनाअखेरीस बंद करायचं वर ठरत आलंय. मी म्हटलं, जीपवर कारवाई करा. ते म्हणाले, ते आपलं काम नाही. मग म्हणाले, गावाचा ठराव आला, गाडी पाहिजे असा, आणि लोक पुन्हा बसायला लागले, तर मी वर बोलून उन्हाळ्यापर्यंत तरी ओढतो. गावाला सांगा.

म्हणजे गाडी वाचवायची ती मी. ज्यांची गाडी ते जीपमध्ये.

संध्याकाळी जेवताना मंगरूला सांगितलं तर त्याने घास खाली ठेवला. म्हणाला, "मंग पायलचं कसं होईन? जीपमंधी पास चालत नाई. अन् जीप शाळेच्या टायमाले भरत नाई." खरं आहे. गाडी गेली तर बाकीचे जीपने जातील, नाहीतर आठवड्याच्या बाजाराला जातील. अडकेल ती एक पोरगी. जिला रोज वेळेवर गाडी लागते अशी गावात तीच आहे.

७ डिसेंबर

भागीरथाबाई खोलीच्या दाराशी आली. आत आली नाही. "कंडक्टरभाऊ, मास्तर म्हनते पोरगी पास होईन. आमच्या घरी कोनी दहावी नाई झालं. गाडी मार्चवरी राहू द्या जी, मंग बंद करा पाहिजे तं."

जशी गाडी माझ्या बापाची आहे! मी म्हटलं, बाई, तुम्ही स्वतः जीपने जाता आणि मला सांगता गाडी राहू द्या?

"मी नाई बसत म्हनून नाई. टोपली बसत नाई."

हिच्याशी बोलण्यात अर्थ नाही. तरी मी सांगितलं की ठराव करा, दसरूला सांगतो. ती गेली. पोरगी लांब पिंपळाखाली उभी होती, सगळं ऐकत होती.

खरं लिहायचं तर मलाही गाडी बंद व्हायला नको आहे. इथे बसून बसून या रस्त्याचं प्रत्येक वळण पाठ झालंय. माझ्या हाताखाली गाडी बंद पडली असं कोणी म्हटलेलं मला सहन होणार नाही.

९ डिसेंबर

दसरूला स्वतः जाऊन सांगितलं. शांत माणूस. बिडी विझवून ऐकलं. "सोमवारी सभा घेतो जी. सारे अंगठे देतीन. तुमी आमचे मानूस हाय, तुमची गाडी कशी जाऊ देऊ?" ऐकून बरं वाटलं, हे लिहायला हरकत नाही. आज बारी त्याच्याच घरची. पोपटाच्या शेंगांची भाजी, वर बारीक चिरलेला हिरवा सांबार. चांगली होती.

१४ डिसेंबर, सोमवार

आजचा राग वहीत मावणार नाही.

आज सभेचा दिवस. सकाळी निघताना मला वाटलं, आज तरी लोक लाजेकाजेस्तव गाडीत बसतील. कोण बसलं? पायल. एकटी. समोर जीप. आत माणसं, बाहेर लटकलेली माणसं, टपावर माणसं. संध्याकाळी ठराव करणार की एसटी पाहिजे, आणि सकाळी जीपच्या टपावर! मी दार आपटलं तर पोरगी दचकली. सगळ्या रस्त्यात मी, मंगरू आणि ती. तिने पुस्तक काढलं आणि वाचत बसली.

संध्याकाळी पोचलो तर बारी कोणाची? भागीरथाबाईची. ताट घेऊन उभी. जीपने आधीच येऊन हिने स्वयंपाकही केला होता. मासोळीचा रस्सा, भात, वाफ निघतेय. पंचायतीसमोर सभेला लोक जमायला लागलेले. त्यांच्या देखत मी म्हटलं, बाई, ताट परत न्या. ज्या गावाला माझी गाडी चालत नाही, त्या गावाचं अन्न मला चालत नाही.

मंगरू माझा हात धरून बाजूला न्यायला लागला. "साहेब, दोन घास खाऊन घ्या. इथी बारीचं ताट वापस करनं म्हंजे..."

म्हणजे काय ते मी त्याला बोलू दिलं नाही. तूही जेवायचं नाही, म्हटलं. मंगरू खोलीत गेला.

दसरू जवळ आला. हळूच विचारलं, "नक्की का जी? जाता मंग?"

"हो," म्हटलं, "निघालो समजा."

त्याने मान हलवली. भागीरथाबाईने ताटावर पदर धरला आणि निघून गेली. मी दार लावून घेतलं. आता कळेल यांना. आज रात्री लाजेने का होईना, अंगठ्यांनी कागद काळा करतील.

बिस्किटं खाऊन झोपतोय. मंगरू भिंतीकडे तोंड करून पडलाय.

१६ डिसेंबर

सभा झालीच नाही. कोतवालाला विचारलं, तर म्हणे लोक जमले आणि उठून गेले. एक अंगठा नाही! "सारे अंगठे देतीन" म्हणणारा दसरू मला वाटेत भेटला, तर ठरावाचं नावही काढलं नाही. उलट माझे दोन्ही हात धरून "सुखी राहा जी" म्हणाला. याला म्हणतात तोंडावर गोड.

ताट यायचंही बंद झालं. मी नको म्हटलं ते एका दिवसाचं. यांनी तेच धरून ठेवलं. वर्षभर घातलेलं जेवण इतक्या सहज सुटतं, म्हणजे मनातून घालत नव्हतेच. माझा पहिल्या दिवशीचा संशय खरा होता. मी आरमोरीहून डबा आणतो. मंगरू मात्र अंधारात कुठे तरी जाऊन येतो, आणि त्याच्या हाताला रस्स्याचा वास येतो. मी विचारत नाही.

२२ डिसेंबर

आज विचित्र प्रकार. सकाळी निघताना बायका जमल्या होत्या. मला वाटलं, चला, अक्कल आली, गाडीने निघाल्या. पण त्यांनी गाडीच्या तोंडाला हळदकुंकू लावलं, पुढच्या चाकापाशी नारळ फोडला आणि घरी गेल्या. एक म्हातारी गाडीच्या पत्र्यावरून हात फिरवून डोळे पुसत होती. मंगरूच्याही डोळ्यांत पाणी. मी चिडून म्हटलं, पूजा करता त्यापेक्षा आत बसा, तिकीट काढा, गाडीला नारळ नाही प्रवासी लागतात. कोणी उलट बोललं नाही. या लोकांना उलट बोलायलाही जमत नाही, म्हणून तर राग जास्त येतो.

पायल एकटी बसली. मी तिला म्हटलं, तुझ्या गावाला सांग, अजून नऊ दिवस आहेत, ठराव द्या.

"आता कशाले जी?" म्हणाली.

पोरगीसुद्धा अशी. जिच्यासाठी एवढं चाललंय, ती.

३१ डिसेंबर

आज सकाळची फेरी शेवटची. ठराव आला नाही. साहेबांनी सही केली. आरमोरीला उतरताना पायलने पास काढून दाखवला. मी कधी बघत नाही तिचा, रोजची आहे. आज दाखवला. मग तिने विचारलं, "संध्याकाळी घरी कशी जाऊ?"

जीपने, म्हटलं. दुसरं काय सांगणार? भूपेशला निरोप दिला की हिला घेऊन जा. त्याने नेली म्हणतात.

माझी वळकटी पंचायतीतच राहिली. सकाळी मी तोंड धुवून येईपर्यंत कोतवाल खोलीला कुलूप लावून शेतावर गेला आणि किल्ली त्याच्या कमरेला.

११ जानेवारी १९९९

भद्रावती. स्वतःचं घर, स्वतःच्या बायकोच्या हातचं जेवण. हीच बदली मी वर्षभर मागत होतो. चंद्रपूरच्या फेऱ्या. गाडी कोंबून भरलेली, सुट्ट्यावरून भांडणं, कारखान्याची माणसं हजेरीचं पंचिंग चुकू नये म्हणून पाय तुडवत चढतात. भारमान बघून साहेब खूश. आज एका बाईने टोपली आत घेतली, मला गर्दीत दिसली नाही. कळलं तेव्हा ती उतरून गेली होती.

राग कमी होत नाही. बायको म्हणते, आता कोणावर? मी म्हटलं, कोसमटोल्यावर. त्यांनी एक कागद दिला असता तर ती पोरगी रोज वेळेवर शाळेत पोचली असती.

२६ फेब्रुवारी

रजा टाकून वळकटी आणायला आलोय. आरमोरीला उतरलो तर कोसमटोल्याला जायला जीपशिवाय काही नाही, हे मला माहीत होतं आणि तरी स्टँडवर एसटीची वाट बघत बसलो. शेवटी भूपेश स्वतः शोधत आला. "चाला ना साहेब, पुढची सीट तुमच्यासाठी ठेवली."

जीप भरेपर्यंत उन्हात उभी. मग निघाली. माझ्या पायाशी कोंबड्या, मागे मासोळीच्या रिकाम्या टोपल्या, एक पोर माझ्या मांडीवर झोपलं, विचारलंसुद्धा नाही कोणी. एका बांधावर थांबली, विहिरीपाशी थांबली, एका म्हातारीने घरातून पैसे आणेपर्यंत थांबली. मला सगळा रस्ता उठून बेल मारावीशी वाटत होती.

भूपेशला विचारलं, पायल शाळेत जाते का? "पहिले पंधरा दिस नेली. पन जीप भरून पोचेवरी शाळा सुटाची येळ होये. एकटीसाठी जीप काढतो तं डिझल कोन देईन? आता गाव मले शिव्या देते साहेब. पह्यले तुमाले द्याचे." मी म्हटलं, मला शिव्या कशाला? तो हसला आणि गियर टाकला.

पोचेपर्यंत दिवस कलला. परतीची जीप सकाळीच. कोतवालाने खोली उघडून दिली, वळकटी जशीच्या तशी होती, कोणीतरी ऊन दाखवून पुन्हा बांधून ठेवलेली. तेवढ्यात भागीरथाबाई दाराशी. "जेवाले या जी."

मी दुपारपासून उपाशी. आता मी इथला कंडक्टरही नाही, नियमही नाही, राग धरावा तर पोटात कावळे. गेलो. भात, झिंग्यांची भाजी. तिने वाढलं, मी जेवलो. पुन्हा वाढू का, हो म्हटलं. पायल कंदिलाशी बसून माझ्या ताटाकडेच बघत होती. परीक्षा पंधरा दिवसांवर, मास्तरांनी आठ दिवस तरी येऊन जा म्हणून निरोप पाठवलाय, असं आई म्हणाली. मी म्हटलं, कर अभ्यास. दुसरं काय बोलणार?

दसरू अंगणात येऊन उभा राहिला, मला जेवताना बघितलं आणि घाईने परत गेला. थोड्या वेळाने कोतवाल काहीतरी ओरडत गल्लीतून गेला. मी हात धूत होतो, लक्ष दिलं नाही. इतक्या दिवसांनी चवीने जेवलो, खोटं कशाला लिहू.

२७ फेब्रुवारी

सकाळी दात घासायला बाहेर आलो तर पंचायतीसमोर लोक. टोपल्या घेतलेल्या बायका, टोपल्यांना खालून प्लास्टिक बांधलेलं. बापाला पाठीवर घेणारा तो माणूस. नवे कपडे घातलेला दसरू. पायल शाळेच्या ड्रेसवर, केसाला तेल, पाठीला दप्तर, हातात जुना पास. भूपेशची जीप बाजूला, रिकामी, आणि तो बोनेटवर बसून मजा बघतोय.

मी विचारलं, हे काय?

दसरू म्हणाला, "गाडी कुठी लावली जी? सारे आले. आज कोनी जीपमंधी नाई बसत."

"कसली गाडी?"

"तुमी काल बारी जेवले ना. म्हनून कोतवालानं साऱ्या गावाले सांगितलं, गाडी वापस आली. तवा तुमी भागीरथाचं ताट वापस केलं, तवाच सभेतून लोक उठले. बारी सोडली म्हंजे मानूस चालला. जानाऱ्याले अंगठे लावून कसं थांबवाचं? आमी नारळ फोडून वाटे लावलं."

माझ्या डोक्यात रक्त चढलं. मी ओरडलो. सगळं ओरडलो. माझ्या भाताने एसटी चालते का? साहेबाला काय माहीत मी काय खाल्लं, काय टाकलं? तुम्हाला तोंड नव्हतं, मला एकदा विचारायला? एवढ्यासाठी तुम्ही पोरीचं वर्ष घालवलं? वळकटी न्यायला आलोय मी, वळकटी! गाडी नाही, येणार नाही, आता सांगतोय, ऐका.

ऐकलं सगळ्यांनी. भागीरथाबाईने टोपली जमिनीवर ठेवली. बायका हळूहळू माघारी वळल्या. दसरू माझ्याकडे न बघता बिडी शोधत राहिला. श्वास लागला म्हणून मी पायरीवर बसलो, तर पायल पुढे आली. रडत नव्हती. खरंच समजून घ्यायचं असल्यासारखं तिने विचारलं.

"मंग काल जेवले काऊन जी तुमी?"